मेलेल्या पोलिसाला भीती कशाची? 'आर.आय.पी.डी.' का पडला, ते सोप्या भाषेत

१९ जुलै २०१३, शुक्रवार. अमेरिकेत त्या दिवशी भुताखेतांचे दोन चित्रपट एकदम लागले. एक 'द कॉन्ज्युरिंग'. जुन्या घरात राहायला आलेलं एक कुटुंब, अंधारातून येणारा टाळ्यांचा आवाज, तळघर, एवढंच त्याचं भांडवल आणि खर्च सुमारे २ कोटी डॉलर. दुसरा 'आर.आय.पी.डी.'. त्यात जेफ ब्रिजेस, रायन रेनॉल्ड्स, केविन बेकन, बॉस्टन शहराची मोडतोड, थ्रीडी आणि खर्च सुमारे १३ कोटी डॉलर. पहिल्या तीन दिवसांत 'कॉन्ज्युरिंग'ने सुमारे ४ कोटी १९ लाख डॉलर जमवले. 'आर.आय.पी.डी.'च्या पदरात १ कोटी २७ लाख पडले आणि तो कमाईच्या यादीत सातव्या जागी राहिला.

त्या यादीतला एक तपशील सांगण्यासारखा आहे. रायन रेनॉल्ड्सने आवाज दिलेला 'टर्बो' हा गोगलगाईचा कार्टूनपट दोनच दिवस आधी लागला होता. 'आर.आय.पी.डी.'चे दिग्दर्शक रॉबर्ट श्वेंटके यांनी २०१० मध्ये 'रेड' नावाचा यशस्वी चित्रपट केला होता. त्याचा दुसरा भाग दुसऱ्या दिग्दर्शकाच्या हातून तयार होऊन नेमका त्याच शुक्रवारी आला आणि त्यात मेरी-लुईस पार्करही होती, जी 'आर.आय.पी.डी.'मध्येही आहे. म्हणजे नट स्वतःशीच, नटी स्वतःशीच आणि दिग्दर्शक आपल्याच जुन्या यशाशी झुंजत होता. 'टर्बो' आणि 'रेड २' या दोघांनीही त्या तीन दिवसांत जास्त कमाई केली.

पण चुकीच्या शुक्रवारी लागला म्हणून एखादा चित्रपट इतका आपटत नाही. मला हा प्रकार मनापासून आवडतो. पोलिसांची जोडगोळी, त्यांची भांडणं आणि त्यात भूत, हे मिश्रण एकदा जमलं की त्यासारखी करमणूक नाही. म्हणूनच हा चित्रपट बघताना वाईट वाटतं, कारण सगळं सामान समोर मांडलेलं असतं आणि तरी काही केल्या रंग चढत नाही. तो का चढत नाही, हे नीट उलगडून सांगता येतं.

गोष्ट काय आहे

निक (रायन रेनॉल्ड्स) हा बॉस्टनचा पोलीस. एका छाप्यात सापडलेलं सोनं त्याने आणि त्याचा सहकारी हेजने (केविन बेकन) गुपचूप वाटून घेतलंय. निकचं मन त्याला खातं. आपण आपला वाटा परत करणार, असं तो हेजला सांगतो आणि पुढच्याच छाप्यात हेज त्याला गोळी घालतो. निक मरतो. आजूबाजूचा स्फोट, धूर, उडालेली माणसं जागच्या जागी थिजतात आणि निक त्यांच्यामधून चालत जातो, मग आकाशात ओढला जातो. हे दृश्य खरोखर सुंदर आहे.

वर त्याला एक अधिकारी बाई (मेरी-लुईस पार्कर) भेटते आणि प्रस्ताव ठेवते. ईश्वरी न्यायासमोर जाण्यापेक्षा मेलेल्या पोलिसांच्या खात्यात, म्हणजे 'रेस्ट इन पीस डिपार्टमेंट'मध्ये नोकरी कर. या खात्याचं काम असं की मेल्यावरही पृथ्वी न सोडता माणसांत लपून राहिलेल्या आत्म्यांना हुडकून काढायचं. त्यांना तिथे 'डेडो' म्हणतात. निकला जोडीदार मिळतो रॉय (जेफ ब्रिजेस). हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन मार्शल, मोठी हॅट, मोठ्या मिशा, अखंड बडबड. दोघे तपास करतात आणि कळतं की ते चोरलेलं सोनं म्हणजे एका प्राचीन दंडाचे तुकडे आहेत. तो दंड जोडला तर मेलेल्यांना वर नेणारा मार्ग उलटा वाहील आणि मृतांचा लोंढा पृथ्वीवर कोसळेल. या कटामागे हेज आहे, आणि हेज स्वतःच डेडो आहे.

कथेचं मूळ पीटर लेन्कॉव्ह यांच्या, डार्क हॉर्स या प्रकाशन संस्थेने काढलेल्या कॉमिकमध्ये आहे. कल्पना ऐकायला झकास आहे, यात वादच नाही.

जोडगोळी चालते कशावर

एकमेकांशी न पटणाऱ्या दोघांना एका कामाला जुंपायचं, ही युक्ती पोलिसांच्या चित्रपटांपेक्षा कितीतरी जुनी आहे. कुलाब्याचं रीगल १९३३ साली उघडलं ते लॉरेल आणि हार्डीच्या चित्रपटाने. एक जाडा, एक बारीक, एक चिडका, एक गोंधळलेला. मुंबईकर तेव्हापासून या जोडीवर हसत आले आहेत. हॉलिवूडने या जोडीच्या कमरेला पिस्तूल अडकवलं आणि १९८२ च्या '४८ अवर्स'मध्ये निक नोल्टीचा पोलीस आणि एडी मर्फीचा कैदी एकत्र आणून या प्रकाराला आजचा आकार दिला.

वरवर पाहता हा आकार अगदी सोपा वाटतो. वरिष्ठ दोघांना जबरदस्तीने एकत्र ठेवतो, ते भांडतात, मध्यावर फाटतं, शेवटी एकजण दुसऱ्यासाठी जीव धोक्यात घालतो. पण त्या भांडणातून विनोद कसा होतो, ते बारकाईने बघा. दोन माणसं चहाच्या टपरीवर वाद घालत असतील तर आपण दोन मिनिटं ऐकू आणि पुढे जाऊ. तीच दोघं ब्रेक निकामी झालेल्या गाडीत बसून, वळण कोणत्या बाजूला घ्यायचं यावरून वाद घालत असतील तर आपल्याला हसू फुटतं आणि पोटात गोळाही येतो. शब्द तेच असतात. फरक पडतो तो डोक्यावर टांगलेल्या तलवारीमुळे. जोडगोळीच्या चित्रपटात विनोद संवादांतून येतो असं आपल्याला वाटतं, पण तो अर्ध्याहून जास्त येतो धोक्यातून.

दुसरी गोष्ट गरजेची. दोघांपैकी प्रत्येकाकडे असं काहीतरी हवं जे दुसऱ्याकडे नाही आणि ज्याच्यावाचून दुसऱ्याचं अडतं. नोल्टीला मर्फी लागतो, कारण फरार गुन्हेगारांना ओळखणारा तोच. मर्फीला नोल्टी लागतो, कारण तुरुंगाबाहेरचे ४८ तास त्याच्याच हातात आहेत. आता 'आर.आय.पी.डी.'कडे बघा. रॉयला निकची गरज कशासाठी? तो शंभराहून जास्त वर्षं हे काम करतोय, त्याला सगळं येतं. निकला रॉयची गरज आहे ती केवळ नियम समजावून घेण्यासाठी, म्हणजे नव्या भरतीला जुन्या हवालदाराची असते तेवढी. त्यामुळे त्यांची कुरबुर चालू राहते, पण तिच्यातून नातं वाढत नाही. जेफ ब्रिजेस प्रत्येक वाक्य चघळून चघळून म्हणतो, रायन रेनॉल्ड्स डोळे फिरवतो, आणि एका तासानंतरही दोघे पहिल्या भेटीत होते तिथेच असतात.

मरण काढून घेतलं की काय उरतं

खरी मेख इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

मारधाडीच्या चित्रपटात प्रेक्षकाचा श्वास अडकतो तो एकाच शंकेने: हा वाचेल का? नायक वाचणारच हे आपल्याला ठाऊक असलं तरी शरीराला ते पटत नाही. उंचीवरून लोंबकळणारा माणूस दिसला की आपले तळवे घामेजतात. कारण पडलं की हाड मोडतं, हे आपल्या अंगात भिनलेलं आहे.

'आर.आय.पी.डी.'चे दोन्ही नायक आधीच मेलेले आहेत. ते उंचावरून पडतात, आदळतात, गाड्यांच्या धडका खातात आणि कपडे झटकून उभे राहतात. ज्यांना ते पकडायला जातात तेही मेलेले. मुख्य खलनायकही मेलेला. आमच्या गल्लीत एखाद्याला 'तू कितीही वेळा बाद झालास तरी आउट नाहीस' असं सांगून बॅट हातात दिली असती तर त्याच्या षटकारावर कोणी टाळी वाजवली नसती. इथे अख्खा सामना तसा आहे.

चित्रपट लिहिणाऱ्यांना हे कळलं नव्हतं असं नाही. त्यांनी आत्माच कायमचा पुसून टाकणाऱ्या खास गोळ्या ठेवल्या आहेत. पण आत्मा पुसला जाणं म्हणजे नक्की काय गमावणं, ते आपल्याला कुठेच जाणवत नाही. मरणाची भीती समजावून सांगावी लागत नाही. 'पुसलं जाण्याची' भीती समजावून सांगावी लागते, त्यासाठी पडद्यावर वेळ द्यावा लागतो, आपल्याला आवडू लागलेलं कोणीतरी तसं नाहीसं होताना दाखवावं लागतं. ९६ मिनिटांच्या या चित्रपटाला तेवढी उसंत नाही.

मग अख्ख्या कथेत जिवाचा धोका उरतो कोणाला? निकच्या बायकोला, जुलियाला. महत्त्वाच्या पात्रांत जिवंत म्हणावी अशी तीच एक. शेवटी हेज तिचाच बळी द्यायला निघतो, हेही बरोबर सुचलंय. पण तोवर तिच्या वाट्याला रडणं, दचकणं आणि नवऱ्याबद्दल वाईटसाईट ऐकणं याखेरीज काहीही दिलेलं नाही. जिच्यावर सगळं वजन ठेवायचं होतं, तिच्यासाठी खांबच उभा केला नाही. माझ्या मते हा चित्रपट कोसळला तो नेमका इथे.

आपली भुतं नियमाने वागतात

धोका नसेल तर निदान नियम तरी पक्के हवेत. अद्भुताच्या गोष्टीत नियम म्हणजे जमीन. त्यावर पाय ठेवूनच प्रेक्षक उडी मारतो.

लालबाग-परळच्या चाळींत ज्यांचं बालपण गेलं आणि गणपतीला, शिमग्याला जे कोकणात गावी जात राहिले, त्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. मुंजा असतो पिंपळावर. तो कोण, तर मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला मुलगा. गिऱ्हा पाण्यात असतो. समंधाचा जीव वाड्यात, जमिनीत, पुरलेल्या धनात अडकलेला. चकवा कोणाला मारत नाही, तो वाट चुकवतो आणि रात्रभर त्याच त्या ठिकाणी फिरवतो. प्रत्येकाला जागा ठरलेली, कारण ठरलेलं आणि बहुतेकांना उताराही ठरलेला. आजी गोष्ट सांगायची तेव्हा 'असं का?' या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर असायचं. म्हणून ती गोष्ट पटायची, आणि रात्री संडासला जायला सोबत लागायची.

रात्री गस्त घालणारा अलौकिक रक्षक ही कल्पनासुद्धा आपल्याला नवी नाही. गावाचा राखणदार म्हणजे तोच. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबाला नवस फेडताना केळ्यांचा घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. देव रात्री गावाच्या राखणीसाठी फिरतो आणि फिरून फिरून त्या वहाणा झिजतात, अशी भाविकांची श्रद्धा आहे. ही श्रद्धा मला फार मोलाची वाटते, आणि गोष्ट रचण्याच्या दृष्टीने तिच्यात मोठं शहाणपण आहे. राखणदार अमानवी आहे, तरी त्याला राखणीची झीज सोसावी लागते. गाव त्याला काहीतरी देतं, तो गावाला काहीतरी देतो. 'आर.आय.पी.डी.'मधल्या पोलिसांचं काहीच झिजत नाही.

आता त्या चित्रपटातला एक नियम बघा, जो आपल्याला ऐकूनच मजा वाटेल. माणसाच्या रूपात लपलेला डेडो ओळखायचा कसा? त्याच्यासमोर भारतीय जेवण आणायचं. आपल्या जेवणाने त्याचं सोंग टिकत नाही, चेहरा सुजतो, अंग वेडंवाकडं फुगतं. मुंबईच्या घरात संध्याकाळी दारात मीठ-मोहरी-मिरच्यांनी दृष्ट काढलेली पाहिलेल्या माणसाला यात काहीच अशक्य वाटणार नाही. मिरच्यांचा ठसका आला नाही तर दृष्ट लागलेली होती, हे आपण ऐकलेलं असतं. तिथे खूण काय, ती कशी वाचायची आणि मग चुलीत काय टाकायचं, हे सगळं एकमेकांत गुंफलेलं आहे. चित्रपटात मात्र जेवणच का, भारतीयच का, याला कारण नाही आणि परिणामही नाही. ती युक्ती सुरुवातीच्या एका चौकशीत रंगते आणि नंतर गोष्ट तिला विसरून जाते. शेवटच्या लढाईत, जिथे शहरभर मृतांचा लोंढा येणार आहे, तिथे याच मसाल्यांचा काही भन्नाट उपयोग झाला असता. पेरलं, पण कापणीला कोणी गेलंच नाही.

१९८४ च्या 'घोस्टबस्टर्स'मध्ये हेच उलट दिसतं. किरणांचे झोत एकमेकांना छेदू द्यायचे नाहीत, नाहीतर सर्वनाश, असा नियम पहिल्याच मोठ्या मोहिमेत सहज बोलता बोलता सांगून टाकलेला असतो. शेवटी दुसरा इलाज उरत नाही तेव्हा ते चौघे नेमकं तेच करतात. प्रेक्षक खुर्चीच्या कडेला येतो, कारण धोका काय आहे हे त्याला कितीतरी आधीपासून ठाऊक असतं.

आणि आपला 'झपाटलेला', १९९३ चा. महेश कोठारेंचा हा चित्रपट मराठी घरांत पाठ आहे, म्हणून फक्त त्याच्या नियमांकडे लक्ष वेधतो. तात्या विंचूचा आत्मा बाहुल्यात शिरलाय. त्याला माणसाचं शरीर हवं असेल तर ज्याला त्याने आपलं गुपित पहिल्यांदा सांगितलं त्याचंच मिळेल, म्हणजे लक्ष्याचं. त्याला संपवायचं तर गोळी दोन भुवयांच्या मधोमधच लागायला हवी. दोन नियम, पण त्यांतून लक्ष्याचा जीव टांगणीला लागतो, इन्स्पेक्टर महेशला नेम कुठे धरायचा ते कळतं आणि कोणाचाही विश्वास न बसणाऱ्या लक्ष्याची तगमग विनोदीही होते आणि खरीही. इन्स्पेक्टर आणि लक्ष्या, दोघांनाही मरण आहे. अमानवी आहे तो फक्त बाहुला.

हातातून निसटलेली सोन्यासारखी कल्पना

चित्रपटाबद्दल माझी सर्वांत मोठी हळहळ याच जागी आहे. मेलेले पोलीस पृथ्वीवर उतरतात तेव्हा जिवंत माणसांना ते मूळ रूपात दिसत नाहीत. रॉय सगळ्यांना देखणी, उंच, सोनेरी केसांची तरुणी दिसतो आणि निक दिसतो एक वयस्कर चिनी गृहस्थ. त्या गृहस्थाच्या भूमिकेत जेम्स हाँग हे मुरलेले नट आहेत.

विचार करा. निक आपल्या बायकोसमोर उभा आहे. तिला सांगतोय की मी आहे गं, तुझा नवरा. आणि तिला दिसतोय एक अनोळखी म्हातारा, जो तिच्या घराभोवती घुटमळतोय. ती घाबरते. आपलं माणूस हाकेच्या अंतरावर आहे आणि आपला चेहराच आपला राहिलेला नाही. एवढ्या एका परिस्थितीवर अख्खा चित्रपट तोलता आला असता, हसवतही आणि रडवतही. इथे ती मुख्यतः रस्त्यावरच्या माणसांनी रॉयकडे वळून वळून बघण्यासाठी वापरली आहे. तोच विनोद पुन्हा पुन्हा येतो आणि बायकोचं दुःख घाईघाईत उरकलं जातं.

१९९७ च्या 'मेन इन ब्लॅक'शी या चित्रपटाची तुलना सगळे करतात, कारण सांगाडा तोच: गुप्त खातं, एक मुरलेला, एक नवखा, माणसांत लपलेले विचित्र जीव. त्यात मुरलेला एजंट के उपग्रहाच्या पडद्यावर आपल्या जुन्या प्रेयसीला अंगणात काम करताना बघतो. तो तिच्याकडे कधीच जाऊ शकणार नाही. दृश्य अगदी थोडक्यात संपतं, पण या नोकरीची किंमत काय ते आपल्याला कळून चुकतं. शेवटी तो स्वतःची स्मृती पुसून घेऊन तिच्याकडे परत जातो, म्हणजे जोडीदाराला कायमचा विसरून. किंमत दाखवली आणि ती वसूलही केली. ९ कोटी डॉलरमध्ये झालेल्या त्या चित्रपटाने जगभरात सुमारे ५९ कोटी डॉलर कमावले.

व्हीएफएक्सचा, म्हणजे संगणकी दृश्यांचा भाग

डेडोंची फुगलेली, रबरासारखी शरीरं बघताना भीती वाटत नाही, असं बहुतेकांचं म्हणणं. त्याचं मूळही वजनातच आहे. संगणकावर काढलेला प्राणी खरा वाटतो तो त्याच्या कातडीवरच्या बारकाव्यांमुळे कमी आणि त्याच्या पायाखालची फरशी कशी दबते यामुळे जास्त. ज्या कथेत पडण्या-आदळण्याला परिणामच नाही, तिथे चित्रकाराने वजन दाखवायचं तरी कशाच्या आधारे?

या कामाशी जोडलेल्या स्टुडिओंपैकी एक होता रिदम अँड ह्यूज. कॅलिफोर्नियाची ही कंपनी, मुंबईतही तिचा स्टुडिओ होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात 'लाइफ ऑफ पाय'च्या वाघासाठी तिच्या कलाकारांना ऑस्कर मिळालं. मालाड-गोरेगावच्या स्टुडिओंत रात्रपाळीला बसून परदेशी चित्रपटांच्या फ्रेम साफ करणारी कितीतरी मराठी मुलं-मुली आहेत. पडद्यावर भूत खोटं वाटलं की 'व्हीएफएक्स भिकार' म्हणून शिवी त्यांच्याच वाट्याला येते. पटकथेत जे वजन नव्हतं ते त्यांनी कुठून आणायचं?

आता पैशाचा हिशेब

१३ कोटी डॉलर खर्च, जगभरची कमाई सुमारे ७ कोटी ८० लाख डॉलर. तेव्हाच्या साठ रुपयांच्या आसपासच्या दराने ७८० कोटी घातले आणि ४७० कोटी आले. म्हणजे ३१० कोटींचा तोटा, असं वाटतं. प्रत्यक्षात खड्डा त्याहून खोल असतो, आणि तो कसा हे आपल्याच तिकिटावरून बघू.

मुंबईतल्या मल्टिप्लेक्समध्ये तुम्ही २३६ रुपयांचं तिकीट काढलंत. १०० रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३६ रुपये सरकारकडे गेले. उरलेल्या २०० ला धंद्यात 'नेट' म्हणतात. हे २०० थिएटर आणि वितरक वाटून घेतात. २००९ साली याच वाटणीवरून निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं असं वाजलं की जवळपास दोन महिने मोठे नवे हिंदी चित्रपट मल्टिप्लेक्सला लागलेच नाहीत. तडजोड झाली ती अशी: पहिल्या आठवड्यात वितरकाला नेटचे ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३०. म्हणजे आपल्या तिकिटातले पहिल्या आठवड्यात १०० रुपये, दुसऱ्यात ८५, तिसऱ्यात ७५ आणि नंतर ६०. बातमीत छापून येतो तो आकडा पुष्कळदा तुमच्या २३६ रुपयांचा असतो. निर्मात्याच्या खिशापर्यंत जातं ते त्याच्या निम्म्याहून कमी. पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारी निर्मात्यांचा जीव वरखाली होतो तो यामुळेच.

हॉलिवूडची वाटणी देशोदेशी वेगळी असली तरी ढोबळमानाने निम्मंच स्टुडिओकडे येतं असं धरतात. म्हणजे ७ कोटी ८० लाखांतले ३ कोटी ९० लाख डॉलर. त्यावर पोस्टर, टीव्हीवरच्या जाहिराती, जगभरचं वितरण हा खर्च वेगळा, आणि एवढ्या मोठ्या चित्रपटाचा तो कोट्यवधी डॉलरमध्ये जातो. टीव्ही, डीव्हीडी आणि नंतर ओटीटीच्या हक्कांतून काही रक्कम परत येते, पण पडलेल्या चित्रपटाचे ते हक्कही पडेल भावातच जातात.

आता 'कॉन्ज्युरिंग'चा हिशेब त्याच मापाने करा. २ कोटी खर्च, जगभरात सुमारे ३२ कोटी. त्यातलं निम्मं धरलं तरी खर्चाच्या आठपट. भुताचा चित्रपट स्वस्तात होऊ शकतो, कारण भीती अंधारात असते आणि अंधाराला भाडं पडत नाही. त्यात मारधाड आणि विनोद घातला की भूत उजेडात आणावं लागतं, शहर फोडावं लागतं, दोन महागडे नट लागतात. खर्च वाढला की लहान मुलांपासून आजोबांपर्यंत सगळेच यायला हवेत, म्हणून भीती मवाळ होते, विनोद सर्वांना चालेल असा होतो. धोका आधीच गेलेला असतो, आता धारही जाते. खर्चाचा आकडा असा पटकथेत घुसतो.

एवढं सगळं असूनही, फुकट बघायला मिळाला तर जेफ ब्रिजेससाठी हा चित्रपट एकदा बघावा असं मी म्हणेन. मेल्यावर रानातल्या श्वापदांनी आपल्या शरीराचे काय हाल केले, ते रॉय पुन्हा पुन्हा सांगतो, आणि त्या रडगाण्यात ब्रिजेसने असा काही सूर लावलाय की बाकीचा चित्रपट त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. मेरी-लुईस पार्करही वाट्याला आलेल्या मोजक्या मिनिटांत चमकते.

२०२२ मध्ये याच नावाचा दुसरा भाग आला, रॉयची आधीची गोष्ट सांगणारा. मूळच्या नटांपैकी कोणी नाही, थिएटरही नाही, थेट घरी बघण्यासाठी. पहिल्याच्या मानाने किरकोळ पैशात झालेला.

माझ्या मनात मात्र एक मराठी चित्रपट आहे. मुंबईच्या एखाद्या ठाण्यातला, निवृत्तीला आलेला कोकणी हवालदार, आणि त्याच्याबरोबर नाइलाजाने गस्त घालणारा त्याच्या गावचा राखणदार. राखणदार हद्दीचा पक्का आणि हवालदाराची हद्द त्याला मंजूर नाही, भांडणाला एवढं पुरे. १३ कोटी डॉलर लागणार नाहीत. तात्या विंचूसाठी रामदास पाध्ये यांनी घडवलेला एक बाहुला पुरला होता. कोणी हे मनावर घेतलंच तर पटकथेच्या पहिल्या बैठकीत त्या हवालदाराच्या घरी त्याची वाट बघणारं माणूस कोण, ते आधी ठरवावं आणि त्या माणसाला भरपूर दृश्यं द्यावीत. स्फोट कुठे करायचा, ते नंतर बघता येईल.